'सिग्नल नाही' : आत्याच्या टीव्हीचं प्रकरण

आत्या ७९ वर्षांची. एकटी राहते आणि स्वतःचं सगळं स्वतः करते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून डोळ्यांची तक्रार नाही. उजव्या हाताची बोटं मात्र सांध्यांमुळे आखडलेली, आणि कान असे की आवाज येतो पण बोलणं कळत नाही. टीव्हीचं तिचं वेळापत्रक ठरलेलं: सकाळी बातम्या, दुपारी एखादा जुना चित्रपट, संध्याकाळी दोन मालिका, झोपण्याआधी परत बातम्या.

माझ्या आतेभावाने, म्हणजे तिच्या मुलाने, जुना टीव्ही काढून नवा मोठा बसवला. सोबत नवा सेट-टॉप बॉक्स, एक साउंडबार (टीव्हीसमोर ठेवायचा लांबट स्पीकर) आणि इंटरनेटवरचे कार्यक्रम बघायला टीव्हीच्या मागे लावायची ती छोटी स्टिक. सगळं उत्तम प्रतीचं. तो परगावी परतला आणि मला फोन यायला लागले. प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य एकच: "अरे, टीव्ही गेला."

टीव्ही गेला नव्हता. डिशही हलली नव्हती. तरीही आत्या जे सांगत होती ते शब्दशः खरं होतं, आणि या प्रकरणातून घेण्यासारखी पहिली गोष्ट हीच. आपण "काहीतरी भलतंच दाबलं असेल" असं गृहीत धरून जातो, चार बटणं दाबून चित्र परत आणतो, वर एक छोटंसं व्याख्यान देतो आणि निघतो. नेमकं काय बिघडलं होतं याचा पुरावा आपणच पुसून टाकलेला असतो.

नोंदवही

म्हणून काहीही दुरुस्त करण्याआधी तिला एक वही दिली. टीव्ही 'गेला' की वेळ, पडद्यावर काय दिसतंय आणि शेवटचं बटण कोणतं दाबलं, एवढंच लिहायचं. आत्याला नोंदी ठेवायची हौस आहे, त्यामुळे मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी चांगली सामग्री हाती आली. वहीतल्या काही ओळी अशा:

"दुपारी ३.१०. काळा पडदा. कोपऱ्यात एचडीएमआय ३. सिग्नल नाही. आवाज कमी करायला गेले होते."

"सकाळी ७. गोल गोल चेहरे. वर लिहिलंय, कोण पाहत आहे? मीच पाहतेय, दुसरं कोण असणार. काही दाबलं नाही."

"रात्री ९. टीव्ही काळा. खालच्या पेटीचा दिवा हिरवा. परत दाबलं तर टीव्ही लागला आणि दिवा लाल झाला."

"बातम्यांचं चॅनेल नाही, सिग्नल नाही म्हणतो. पिक्चरचं आहे. पाऊस नाही."

चार नोंदी, चार वेगळे आजार. फोनवर मात्र चौघांचं नाव एकच. त्यात 'सिग्नल नाही' हा मजकूर दोन ठिकाणांहून येतो, हे तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं. एक येतो टीव्हीकडून: ज्या इनपुटवर, म्हणजे टीव्हीच्या मागच्या ज्या जोडणीच्या जागेवर, आपण उभे आहोत तिथे काहीच जोडलेलं नाही किंवा जोडलेलं यंत्र बंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. आकाशातल्या उपग्रहाशी त्याचा काही संबंध नाही. दुसरा येतो बॉक्सकडून: मी जागा आहे, टीव्हीशी बोलतोय, पण डिशकडून मला काही मिळत नाही. या दुसऱ्या पडद्यावर बहुधा बॉक्स कंपनीची रंगसंगती असते, चॅनेलचा क्रमांक असतो, एखादा त्रुटी-क्रमांक असतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे बॉक्सच्या रिमोटवरचं मेन्यूचं बटण दाबून पाहायचं. मेन्यू उघडला तर तक्रार छतावरची. नाही उघडला तर तक्रार खोलीतलीच.

हा एक प्रश्न फोनवर विचारता आला की निम्मे हेलपाटे वाचतात.

काही न दाबता पडदा कसा बदलतो

गोल चेहऱ्यांची नोंद मला सगळ्यात जास्त आवडली, कारण तिथे आत्यावर अन्याय होत होता. ते चेहरे म्हणजे स्टिकचा सुरुवातीचा पडदा. आतेभाऊ फोनवर तिला म्हणायचा, "आई, तू तो दुसरा रिमोट घेतला असशील." तिने घेतला नव्हता.

बॉक्स किंवा स्टिक टीव्हीला ज्या एचडीएमआय जोडणीने जोडतात, तिच्यातून चित्र आणि आवाज जातो, तशा छोट्या आज्ञाही जातात. त्यासाठी जोडणीतली १३ क्रमांकाची पिन राखून ठेवलेली आहे. या सोयीला सीईसी म्हणतात. प्रत्येक कंपनी तिला स्वतःचं नाव देते: सॅमसंग 'एनीनेट प्लस' म्हणते, सोनी 'ब्राव्हिया सिंक', एलजी 'सिम्पलिंक'. त्यामुळे सेटिंगमध्ये ती शोधणं हेच अर्धं काम होऊन बसतं. सीईसी चालू असलेलं यंत्र जागं झालं की ते टीव्हीला कळवू शकतं, 'आता पडदा माझ्याकडे दे', आणि टीव्ही मुकाट्याने त्या इनपुटवर जातो.

आत्याच्या घरी सीईसी टीव्हीमध्ये चालू होतं, स्टिकमध्ये चालू होतं, बॉक्समध्ये बंद. स्टिकला वीज मिळत होती टीव्हीच्याच यूएसबीमधून. टीव्ही रात्रभर बंद राहिला की स्टिकची वीज जायची. सकाळी टीव्ही लावला की बातम्या सुरू व्हायच्या, मागे स्टिक तिच्या गतीने उठायची आणि थोड्या वेळाने पडदा मागायची. बॉक्स बिचारा त्यावर काही म्हणूच शकत नव्हता, कारण त्याचं तोंड सेटिंगमध्ये बांधलेलं. दिवसा टीव्ही थोड्या वेळासाठी बंद केला तर यूएसबीची वीज लगेच जात नसे, म्हणून तेव्हा हा प्रकार व्हायचा नाही. गोल चेहऱ्यांच्या सगळ्या नोंदी सकाळच्याच का होत्या, ते यावरून कळलं.

इलाज दोन मिनिटांचा. स्टिक काढून खणात ठेवली आणि बॉक्समधलं सीईसी चालू केलं. आता बॉक्स जागा झाला की टीव्ही लागतो आणि आपणहून बॉक्सच्या इनपुटवर येतो. बॉक्स झोपला की टीव्हीही झोपतो. सगळ्या बदलांमधून एकच ठेवायचा म्हटलं, तर मी हा ठेवेन. याने आत्याला घरी परतायचा रस्ता मिळाला: पडदा कुठेही भरकटू दे, बॉक्स बंद करून परत चालू केला की बातम्या समोर. कुणाला फोन नाही, कुणाची वाट पाहणं नाही.

हिरवा दिवा, काळा पडदा

रात्री नऊच्या नोंदीचं कारण जुनं आणि सगळीकडे आढळणारं आहे. बॉक्सच्या रिमोटवरचं पॉवरचं बटण दोन काम करेल असं लावलेलं होतं: बॉक्सलाही इशारा, टीव्हीलाही इशारा. इन्फ्रारेड रिमोटची अडचण ही की त्यावर बहुतेकदा 'चालू हो' आणि 'बंद हो' अशी वेगळी बटणं नसतात. एकच इशारा जातो, 'आहेस त्याच्या उलट हो'. दोघांपैकी एकाने तो ऐकला आणि दुसऱ्याने नाही ऐकला की एक जागा, एक झोपलेला. परत दाबलं की दोघे आपापल्या जागा बदलतात. कितीही वेळा दाबा, जोडी जुळत नाही. रिमोटला उत्तर ऐकू येत नसल्यामुळे त्याला हे कळायचाही मार्ग नाही.

एकाला इशारा का पोचत नव्हता? बॉक्स नव्या टेबलाच्या आतल्या कप्प्यात सरकवलेला होता आणि त्याच्या पुढ्यात फोटोची चौकट. इन्फ्रारेड म्हणजे शेवटी प्रकाशच, चौकटीतून पार जात नाही. चौकट हलवली. ती कुठे ठेवायची यावर मात्र बॉक्सच्या प्रश्नापेक्षा जास्त चर्चा झाली.

दुसरं कारण जरा आडवं होतं. बॉक्समध्ये वीज वाचवणारी खोल झोप निवडलेली होती. त्यातून उठायला बॉक्सला मिनिटाच्या वर वेळ लागतो आणि तेवढा वेळ पडदा काळाच. म्हातारं माणूसच कशाला, कुणीही माणूस एवढा वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसत नाही, तो बटण परत दाबतो. म्हणजे उठत असलेला बॉक्स पुन्हा झोपायला जातो. झटपट उठणारी साधी स्टँडबाय निवडली. वीज थोडी जास्त लागते. आत्याने हिशेब विचारला, मी अंदाज सांगितला, तिला पटला. सीईसी लागल्यावर टीव्हीला वेगळा इन्फ्रारेड इशारा पाठवायची गरज उरली नाही, तोही काढून टाकला. सीईसीमध्ये 'झोप' आणि 'जागा हो' या वेगळ्या आज्ञा आहेत, त्यामुळे उलटसुलट व्हायचा प्रश्न येत नाही.

काही तास कोणतंही बटण दाबलं नाही तर टीव्ही आपणहून बंद होतो, पुष्कळ टीव्हींमध्ये चार तासांनी. मी तो काढून टाकणार होतो. आत्या म्हणाली, "राहू दे. मला डुलकी लागते, मग तो रात्रभर बडबडत बसतो." राहू दिला.

छतावरचं

आता चौथी नोंद. एक चॅनेल नाही, दुसरं आहे, पाऊस नाही. यावर पुष्कळ जण आधी बॉक्स पूर्ववत करून पाहतात, म्हणजे फॅक्टरी रीसेट. आवडीची यादी, भाषा, आवाजाची सेटिंग सगळं पुसलं जातं आणि ते चॅनेल तरीही येत नाही.

उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तिथे त्याची प्रदक्षिणा पृथ्वीच्या फिरण्याशी जुळते, म्हणून खालून पाहताना तो एका जागी थांबलेला वाटतो आणि डिश कायमची एकाच दिशेला बांधून ठेवता येते. डिशसमोरच्या दांडीवर जो छोटा डबा असतो तो एलएनबी. डिशने गोळा केलेल्या लहरी तोच पकडतो. त्याला वीज लागते आणि ती बॉक्सकडून त्याच केबलमधून वर जाते, ज्या केबलमधून चित्र खाली येतं. गंमत अशी की ही वीज हीच आज्ञाही असते. बहुतेक घरगुती जोडण्यांमध्ये १३ व्होल्ट पाठवले की एलएनबी उभ्या लहरी पकडतो, १८ पाठवले की आडव्या. काही ठिकाणी उभ्या-आडव्याऐवजी उजव्या-डाव्या वळणाच्या लहरी असतात, तिथेही युक्ती हीच. काही एलएनबींमध्ये वरचा की खालचा पट्टा घ्यायचा, हे सांगायला त्यात २२ किलोहर्ट्‌झचा सूर मिसळतात.

समजा केबलच्या टोकाला गंज चढला आहे. बॉक्स १८ व्होल्ट पाठवतो, पण वाटेत काही गळतात आणि वर कमी पोचतात. एलएनबीला वाटतं, १३ ची आज्ञा आली. तो उभ्या लहरी पकडत राहतो. परिणामी आडव्या लहरींवरची चॅनेलं गायब, उभ्यांवरची ठणठणीत. छताखाली बसलेल्या माणसाला हे निव्वळ विचित्र वाटतं: एकच डिश, एकच आकाश, आणि बातम्या नाहीत पण चित्रपट आहे.

डिशवाल्या तंत्रज्ञाला बोलावलं तेव्हा "सिग्नल येत नाही" असं न सांगता कोणती चॅनेलं जातात आणि कोणती राहतात त्याची यादी हातात दिली. तो सरळ वर गेला. एलएनबीकडच्या जोडाचं रबरी टोपण फाटलेलं होतं. जोड उघडला तेव्हा मधली तांब्याची तार चकचकीत असायची ती काळपट पडलेली, भोवतालच्या जाळीवर हिरवट भुकटी. केबलचं टोक कापून त्याने नवा जोड लावला, टोपण बदललं, आणि एलएनबीच्या खाली केबलला एक सैल वळसा ठेवला. वळशाच्या तळाशी पाणी ठिबकून जातं, जोडात शिरत नाही. काम आटोपल्यावर बॉक्सच्या पडद्यावरचे दोन पट्टे पाहिले, सिग्नलची ताकद आणि सिग्नलची गुणवत्ता. बघायचा तो दुसरा. ताकद भरपूर आणि गुणवत्ता शून्य असं डिश भलत्या दिशेला असतानाही होऊ शकतं.

असा जोड स्वतः हाताळायचा झाला, तर आधी बॉक्सचा प्लग काढायचा, कारण केबलमध्ये वीज असते. आणि छतावर कुणी चढायचं याचं उत्तर आत्याच्या वयाच्या माणसाच्या घरी आधीच ठरलेलं हवं. तिने मला वाटाघाटीच्या सुरात विचारलं होतं, "मी फक्त खालून काठीने हलवून बघितलं तर?" डिशची नजर फार अरुंद असते. साधारण ६० सेंटिमीटरच्या डिशला जेमतेम तीन अंशांचा तुकडा दिसतो. काठीने हलवली तर उपग्रह हातचा जातो.

दोन वेळा मात्र खरोखर काहीही करायचं नसतं, आणि त्या आत्याला सांगून ठेवल्या. एक, जोराचा पाऊस. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे दाट पावसात त्या शोषल्या आणि विखुरल्या जातात. डिजिटल चित्र हळूहळू मुंग्यांसारखं होत नाही. आधी चौकोन पडतात, मग एकदम जातं. पाऊस ओसरला की येतं. दोन, वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आसपास, काही दिवस ठरावीक वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. डिशमध्ये सूर्याचा गोंगाट भरतो आणि काही मिनिटं चित्र जातं. आकाश निरभ्र, केबल नवी, तरीही. हे आत्याला इतकं आवडलं की ती आता शेजाऱ्यांना सांगते.

चार बटणं पुरतात का

मग रिमोट. टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार, तिन्हींचे मिळून बटणं शंभराच्या घरात. पहिल्या नोंदीतला अपघात इथला: साउंडबारचा रिमोट सापडला नाही म्हणून तिने आवाजासाठी टीव्हीचा उचलला आणि आखडलेलं बोट वरच्या सोर्सच्या बटणावर पडलं. टीव्हीचा रिमोट खोलीतून बाहेर काढला. फेकायचा नाही, कारण टीव्हीची सेटिंग त्याच्याशिवाय बदलता येत नाही. सेलं काढून, पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून कपाटात.

मोठ्या बटणांचे, ज्येष्ठांसाठी म्हणून विकले जाणारे रिमोट मिळतात. त्यांना मूळ रिमोटचे इशारे शिकवता येतात, पण मूळ रिमोट इन्फ्रारेडवर चालत असला तरच. हल्लीच्या पुष्कळ बॉक्सचे रिमोट ब्लूटूथवर चालतात आणि ते शिकवून शिकत नाहीत. विकत घेण्याआधी पारख करायची ती अशी: फोनचा कॅमेरा उघडायचा, शक्यतो पुढचा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरायचं आणि बटण दाबायचं. फोनच्या पडद्यावर जांभळट ठिणगी लुकलुकली तर इन्फ्रारेड आहे. आत्याच्या बॉक्सचा रिमोट इन्फ्रारेडवरच होता.

पहिल्यांदा जो रिमोट बघितला त्याला सहा बटणं: पॉवर, आवाज वर-खाली, चॅनेल वर-खाली, मूक. आतेभावाला तो फार पसंत. कमी म्हणजे सोपं, हा विचार जुना आहे. झेनिथ कंपनीत रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी १९५६ साली जो 'स्पेस कमांड' रिमोट आणला त्याला चारच बटणं होती: चालू-बंद, चॅनेल पुढे, चॅनेल मागे, आवाज बंद. आत सेलसुद्धा नव्हता. बटण दाबलं की छोटा हातोडा धातूच्या कांडीवर आपटायचा आणि माणसाला ऐकू न येणारा उंच सूर टीव्हीपर्यंत जायचा. तेव्हा चॅनेलंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, चार बटणं पुरायची.

आत्याला पुरत नव्हती. ती चॅनेल शोधत नाही, क्रमांक दाबते. तीन आकडे, न बघता, जसा पाठ असलेला फोन नंबर लावावा तसा. शेकडो चॅनेलांच्या रांगेतून वर-खाली करत जाणं हे तिच्यासाठी सोपं करणं नव्हतं, तिची एक पक्की सवय हिरावून घेणं होतं. त्यामुळे आकड्यांची बटणं असलेला, पाच या आकड्यावर बोटाला लागेल असा उंचवटा असलेला रिमोट घेतला. त्याची बटणं सहाच्या चौपट आहेत आणि तिला तो सोपा जातो. मेन्यू, रेकॉर्डिंग, रंगीत बटणं यांवर जाड चिकटपट्टी लावली. काढली तर निघते, पण चुकून दाबली जात नाहीत. पॉवरच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका आला, तो तिने स्वतः लावला.

आवडीच्या चॅनेलांची वेगळी यादी करायचा मोहही याच कारणाने टाळला. काही बॉक्समध्ये त्या यादीत गेलं की क्रमांक बदलतात, पाठ असलेले आकडे निरुपयोगी होतात. तिचे अकरा क्रमांक मोठ्या अक्षरात कागदावर लिहिले, बॉक्स चालू झाला की थेट बातम्यांचं चॅनेल लागेल असं ठेवलं, आणि पैसे देऊन बघायच्या चित्रपटांची खरेदी पिनखाली टाकली. खाली येणारी चॅनेलची पट्टी तीन सेकंदांत जायची, ती दहा सेकंद थांबेल असं केलं. वाचून व्हायच्या आत पट्टी जात असेल, तर चष्मा बदलून काय होणार?

आवाज वाढवून बोलणं कळत नाही

साउंडबारबद्दल आतेभाऊ थोडा नाराज झाला, कारण मी तो काढला. वय वाढतं तसं आधी उंच पट्टीतलं ऐकणं कमी होतं, आणि 'स', 'श', 'त', 'फ' यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी त्याच पट्टीत असते. स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. "बोलतात कळतंय, काय बोलतात कळत नाही" ही तक्रार तिथून येते. साउंडबार खालची पट्टी दणकून वाढवत होता, म्हणजे पार्श्वसंगीत फुगायचं आणि संवाद त्याच्याखाली दबायचे. आत्या आवाज वाढवायची, भिंती थरथरायच्या, संवाद तिथेच.

टीव्हीच्याच स्पीकरवर संवाद स्पष्ट करणारी सेटिंग लावली. बॉक्समधून बाहेर पडणारा आवाज डॉल्बीऐवजी, म्हणजे गुंडाळून पाठवलेल्या आवाजाऐवजी, साधा स्टीरिओ, म्हणजे पीसीएम केला. काही टीव्हींना एखाद्या चॅनेलचा डॉल्बी आवाज उलगडता येत नाही आणि चित्र येतं पण आवाज येत नाही, तो धोकाही यात टळतो. जिथे मिळतात तिथे सबटायटल चालू केली. आवाजाचा आकडा ३४ वरून २० च्या खाली आला. हे मी सांगत नाही, तिच्या वहीत आहे.

कागद

टीव्हीशेजारी एक कागद लावला आहे. त्यावर 'इनपुट', 'सोर्स', 'एचडीएमआय' यांपैकी एकही शब्द नाही. तीन पडद्यांचे छापील फोटो आहेत आणि प्रत्येकाखाली एकच वाक्य. काळा पडदा किंवा अनोळखी चित्र: लाल ठिपका दाबा, दिवा लाल झाला की परत दाबा. बॉक्सचा 'सिग्नल नाही': पाऊस असेल तर थांबा, नसेल तर कोणती चॅनेलं गेली ते वहीत लिहून फोन करा. 'ओके दाबा' असं सांगणारी चौकट: दाबा, तो बॉक्सचा अपडेट आहे. त्याखाली ग्राहक-क्रमांक आणि कंपनीचा फोन नंबर, आणि ठळक अक्षरात: पडद्यावर किंवा फोनवर दुसरा कुठला नंबर कुणी सांगितला तर त्यावर फोन करायचा नाही. जोडणी बंद पडणार आहे असं घाबरवून पैसे मागणारे फोन अशाच घरांत येतात.

कागदाच्या मागच्या बाजूला, माझ्यासाठी किंवा माझ्यानंतर जो कुणी येईल त्याच्यासाठी, सगळी सेटिंग लिहिली आहेत: बॉक्स कोणत्या इनपुटवर, सीईसी कुठल्या नावाखाली, पिन कुठे ठेवला, आवाज पीसीएम, स्टँडबाय साधी, सुरुवातीचं चॅनेल कोणतं. बॉक्सचं सॉफ्टवेअर रात्रीतून बदलतं आणि कधीकधी यातलं काहीतरी पूर्वपदावर नेऊन ठेवतं. कंपनी चॅनेलांचे क्रमांकही अधूनमधून हलवते. तेव्हा आत्याने नवे आकडे पाठ करायचे, याला आपल्याकडे इलाज नाही. कागद नव्याने लिहून द्यायचा एवढंच.

फोन अजून येतात, पण वाक्य बदललं आहे. मागच्या वेळी ती म्हणाली, "बॉक्सचा सिग्नल नाहीये, टीव्हीचा नाही. पाऊस आहे. तुला नुसतं सांगून ठेवते."

जे सुटलेलं नाही ते नातवंडांचं. ती आली की खणातली स्टिक बाहेर निघते, कपाटातल्या रिमोटमध्ये सेलं पडतात आणि तो सोफ्यावर येतो. ती परत गेली की पुढचे काही दिवस वहीत 'गोल चेहरे' दिसायला लागतात. आतेभावाशी बोलून एवढं ठरवलं आहे की स्टिक ज्याने लावली त्याने निघण्याआधी ती काढायची, बॉक्स एकदा बंद करून चालू करायचा आणि आत्याला तिचं बातम्यांचं चॅनेल स्वतःच्या हाताने लावून बघू द्यायचं. आतापर्यंत निम्म्या वेळा ते घडलं आहे.